सोलापुरात राहून मागवलेली सोलापुरी चादर

सोलापुरात राहून मी सोलापुरी चादर ऑनलाइन मागवली, हे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग पुढचे ऐकतो. हसण्यासारखे आहेच ते. माझे यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर म्हणून, तीस वर्षे राबले, आमच्या घरात चादरीचा विषय निघाला की पहिले वजन निघते आणि मग किंमत, आणि तरीही डिसेंबर २०२४ मध्ये मी एका मोठ्या खरेदीच्या ॲपवरून सहा चादरी मागवल्या. कारणे होती. नोव्हेंबरात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जिने चढण्यास मनाई केली होती. यजमान तुरीच्या काढणीसाठी गावी गेले होते. फेब्रुवारीत पुतण्याचे लग्न होते आणि आहेराच्या चादरींची जबाबदारी मी जाऊबाईंपुढे मोठ्या तोऱ्यात स्वतःकडे घेतली होती. पण खरे कारण सांगायचे तर ५९० रुपये ही किंमत होती. ॲपवर ‘अस्सल सोलापुरी जेकॉर्ड चादर, शंभर टक्के सुती, वजन १३०० ग्रॅम, जीआय मानांकित’ असे लिहिले होते आणि त्याखालची छायाचित्रे खरोखरच आपल्याकडच्या चादरीची होती. त्या वजनाची चादर त्या भावात मिळत नाही, हे मला कळायला हवे होते. मोहापुढे कळणे मागे पडते. ३५४० रुपये मी तत्काळ भरले.

पार्सल १४ तारखेला आले. उचलतानाच ते हलके वाटले, पण एका हातात काठी असल्याने सहा चादरींचे ओझे मला तसेही नीट जोखता आले नसते, अशी मी माझी समजूत घातली. १६ तारखेला यजमान परतले, त्यांनी एक चादर उलगडली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तिचा काठ धरून एकदाच चोळला आणि काही न बोलता ती उलटी केली. पाठीमागची बाजू फिकट, जवळजवळ पांढरी होती. जेकॉर्डच्या मागावर नक्षी छापली जात नाही, ती विणली जाते. भोके पाडलेल्या पत्त्यांच्या हुकुमानुसार वरून दोऱ्या ताण्याचे, म्हणजे उभे, ठरावीक धागे उचलतात आणि त्यांतून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो, त्यामुळे चादरीच्या उलट बाजूलाही तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. माझ्या पुढ्यातली नक्षी मात्र कापडावर नुसती छापलेली होती. यजमानांनी कडेचा एक धागा ओढून काढला, देवघरातली काडेपेटी आणली आणि तो पेटवला. सुती धागा जळतो तेव्हा कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी करडी राख उरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाशी मोहरीएवढा काळा, टणक मणी तयार झाला. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतक्या थोडक्यात कधी गप्प केले नव्हते.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एका चादरीचे वजन ५६० ग्रॅम भरले. दुकानदाराची परवानगी घेऊन काट्याचे आकडे आणि चादर एकत्र दिसतील असे छायाचित्र यजमानांनी काढले. धागा जाळण्याचा प्रयोग दुसऱ्यांदा केला तेव्हा त्याचे चित्रीकरणही केले. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मात्र माझ्याजवळ नव्हते आणि ही उणीव मला पुढे प्रत्येक टप्प्यावर भोवली. ‘तुम्ही वेगळीच चादर दाखवत नाही कशावरून?’ या प्रश्नाला सरळ उत्तर तेवढ्या एकाच गोष्टीने देता आले असते.

ॲपवर माल परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. मी त्याच दिवशी विनंती नोंदवली. १८ तारखेला दुपारी संदेश आला की आमचा माणूस आपल्या पत्त्यावर आला होता, परंतु ग्राहकाने माल देण्यास नकार दिला. त्या दिवशी मी सकाळपासून पुढच्या खोलीत पाय पसरून बसलेली होते आणि आमच्या दारात पेपरवाल्यानंतर कोणीही आलेले नव्हते. पुन्हा विनंती नोंदवू पाहिली तर ती घेतली जाईना. याच वेळी माझ्या हातून एक चूक झाली. पार्सलमध्ये एक गुळगुळीत चिठ्ठी होती. पाच तारे द्या, त्याचे छायाचित्र पाठवा आणि शंभर रुपये परत मिळवा, असा तिचा मजकूर असून खाली एक व्हॉट्सॲप क्रमांक होता. मी त्या क्रमांकावर फोन केला.

पलीकडचा माणूस हिंदीत आणि अतिशय अदबीने बोलला. मॅडम, चूक झाली असेल, आपण फोटो पाठवा, असे तो म्हणाला. मी छायाचित्रे पाठवली. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते, पण अडतीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या माणसाला समोरच्याची समजूत पटवल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लग्नातली, १९८७ सालची चादर आजही आमच्या वापरात आहे. ती मी खिडकीजवळच्या जुन्या सागवानी पलंगावर पसरली, चांगल्या उजेडात तिचे छायाचित्र काढले आणि ‘खरी चादर अशी असते, पाहून घ्या’ असे लिहून पाठवून दिले. तिच्या एका कोपऱ्याला मीच कधीतरी निळ्या दोऱ्याने रफू केलेले आहे. तेही त्यात दिसत होते, आणि त्याची मला त्या वेळी थोडी लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पैसे परत पाठवत असल्याचे कळवले आणि काही क्षणांत माझ्या फोनवर ३५४० रुपयांची सूचना उमटली. ‘परतावा’ असा शेरा तिच्यावर होता. बटण मात्र पैसे देण्याचे होते आणि पुढच्या पानावर पिन मागितला जात होता. यूपीआयवर पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो खात्यातून पैसे जाताना, हे आमच्या बँकेतल्या मुलीने मला निवृत्तिवेतनाच्या कामासाठी गेले असताना बजावून सांगितले होते. मी ती विनंती नाकारली आणि त्याला तसे लिहिले. त्याने हसण्याचे चिन्ह पाठवले. नंतर एक ॲप उतरवून घेण्याचा दुवा पाठवला, ज्यातून माझ्या फोनचा पडदा त्याला दिसणार होता. तेही मी केले नाही. २० तारखेला मी ॲपवर एक तारा दिला आणि वजन, छपाई व धागा या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहिल्या.

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. सात ते साडेनऊ या वेळात अकरा. चौथा फोन मी घेतला, आणि त्या फोनवर हिंदी गेलेली होती. “का ओ बाई, कशाला एवढं ताणायलाव? एक तारा काढून टाका की.” विक्रेत्याचा पत्ता ॲपवर दुसऱ्या राज्यातला दिलेला होता. हा आवाज मात्र आमच्या सोलापूरचा होता. ‘ताणायलाव’ हे रूप पुण्यात कोणी बोलत नाही. पण मला खरा धक्का बसला तो ‘बाई’ या शब्दाने. इकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, मॅडम म्हणणारा माणूस रातोरात बाई म्हणू लागला, आणि मी शिक्षिका होते हे तर मी त्याला कोठेही सांगितले नव्हते. त्या रात्री मी शाळेतल्या वर्गांमागून वर्ग आठवत पडून राहिले. हा कोणत्या बाकावरचा असेल, मी याला कधी मारले होते का, असल्या विचारांना काही अंत नसतो. उलगडा दुसऱ्या दिवशी यजमानांनी केला, तोही चहा पिता पिता. माझ्या व्हॉट्सॲपवर निरोप समारंभाचे छायाचित्र होते. हातात नारळ आणि मागे फळ्यावर ‘सेवानिवृत्तीनिमित्त बाईंचा सत्कार’ अशी ठळक अक्षरे. मी ते छायाचित्र काढून तिथे जास्वंदीचे फूल लावले.

फोनमागून एक छायाचित्र आले होते, त्याचा उलगडा मात्र असा सोपा नव्हता. ते आमच्या फाटकाचे होते. खाली लिहिले होते, “घर छान हाय.” नकाशाच्या ॲपवर रस्त्यांची छायाचित्रे असतात, तिथून उचलले असेल, असे शेजारचे अण्णा म्हणाले आणि मलाही ते मानायचे होते. परंतु दिवाळीतला आकाशकंदील माझ्या गुडघ्यामुळे अजून खाली उतरवलेला नव्हता आणि आदल्या दिवशीच्या वाऱ्याने त्याची एक झिरमिळी फाटून फाटकाच्या टोकाला अडकली होती. छायाचित्रात ती झिरमिळी फाटकाला अडकलेली होती. म्हणजे त्या एका दिवसात कोणीतरी आमच्या दारासमोर उभे राहिले होते. मला उघड धमकी दिली असती तर मी चिडले असते आणि चिडल्यावर मला बळ येते. याने धमकी दिलीच नाही. तो घरोबा दाखवत होता, आणि घरोब्याला उत्तर कसे द्यावे हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

२२ तारखेला रविवार होता. यजमान मंडईत गेले असताना साडेअकराच्या सुमारास एक पंचविशीतला तरुण मोटारसायकलवरून आला. पाठीला मोठी पिशवी होती, अंगात कोणत्याही कंपनीचा सदरा नव्हता. माल न्यायला आलोय, असे तो म्हणाला. आमचे आतले दार उघडे आणि बाहेरचे जाळीचे दार कडीने बंद होते. मी उठले नाही, खुर्चीतूनच विचारले की परतीचा संकेतांक सांगा. ॲपवरून परतीचा माणूस येतो तेव्हा आपल्या फोनवर एक संकेतांक येतो आणि तो जुळल्याशिवाय माल द्यायचा नसतो, एवढे मला माहीत होते. त्याने संकेतांकाबद्दल काही न बोलता जाळीतून एक कागद आत सरकवला. कागद टाइप केलेला होता. माझी तक्रार समाधानकारकरीत्या मिटली असून मी माझा अभिप्राय मागे घेत आहे, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली सहीसाठी रेघ. माझे नाव शुद्ध लिहिलेले होते, त्यातला दीर्घ वेलांटीचा भागही. “सही करा, मग पैशे देतो,” तो म्हणाला. हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, त्याची नजर जाळीतून आत, पलंगावरच्या चादरीवर होती. मी मोठ्याने अण्णांना हाक मारली. अण्णा गच्चीवर होते, त्यांनी वरूनच “कोण आहे रे?” म्हणून विचारले, तेवढ्याने तो वळला आणि गाडी सुरू करून निघून गेला. गाडीच्या क्रमांकाची पाटी चिखलाने माखलेली होती. डिसेंबरात आमच्या रस्त्यावर चिखल नसतो. कागद मात्र माझ्याकडेच राहिला, आणि पुढे पोलिसांना सर्वाधिक रस त्या कागदात वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. साडेतीन हजारांच्या चादरींसाठी काठी टेकत ठाण्याच्या पायऱ्या चढताना मला संकोच वाटत होता आणि तो मी हवालदार बाईंना बोलूनही दाखवला. त्यांनी चादरींचा विषय बाजूला ठेवला आणि आधी घराचे छायाचित्र, फोनांच्या वेळा आणि तो कागद मागितला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली, म्हणजे धाकदपटशासंबंधी, अदखलपात्र नोंद झाली व तिची प्रत मला मिळाली. अदखलपात्र याचा अर्थ दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत, हे त्यांनी समजावून सांगितले. तरी ती प्रत हातात आल्यावर मला रात्री झोप लागली. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा, तासन्‌तास विचार करत बसायचे नाही, हेही त्यांनीच सांगितले. तो व्हॉट्सॲप क्रमांक मी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवला. यानंतर त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही असे घरात ठरले. सगळ्यात कठीण काय गेले असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन. वाजणारा फोन न उचलणे हे आमच्या पिढीला दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखे वाटते.

पैशांचा मार्ग निराळा होता आणि तो मला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दाखवला, जो आता वकिली करतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून त्याखालचे ई-व्यापाराचे नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये मालात नसतील तर विक्रेत्याला माल परत घेण्यास नकार देता येत नाही, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. ॲप चालवणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव प्रसिद्ध करावे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असेही आहे. मला सर्वांत उपयोगी पडली ती आणखी एक तरतूद. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली तर विक्रेत्याची माहिती, त्याच्या मुख्य कार्यालयाच्या आणि शाखांच्या पत्त्यांसह, कंपनीने ग्राहकाला द्यावी लागते. मी आजवर त्या ॲपवर गप्पा मारणाऱ्या यंत्राशी झगडत होते. २४ तारखेला मी तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने ई-मेल लिहिला, त्यात या तीनही गोष्टी नियमांचा हवाला देऊन मांडल्या, काट्याचे छायाचित्र, धाग्याचे चित्रीकरण, पार्सलवरची पत्ताचिठ्ठी, संभाषणाची नक्कल आणि पोलीस नोंदीची प्रत जोडली. पत्र लिहिताना मला बरे वाटले. फोनवर मी त्याच्या मैदानात होते, पत्रात माझ्या.

पोच २६ तारखेला क्रमांकासह आली. २७ तारखेला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने मराठीतच सर्व ऐकून घेतले. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते, हे तिने आधीच सांगितल्यामुळे मी नसत्या आशेवर राहिले नाही. वकील विद्यार्थ्याने दरम्यान जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्जाचा मसुदा करून ठेवला. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्यासाठीही मला सोलापूर सोडावे लागणार नव्हते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२५ पासून असे अर्ज ई-जागृती या नव्या संकेतस्थळावर घेतले जाऊ लागले होते. यजमानांचा आग्रह होता की ‘सोलापुरी चादर’ हे नोंदणीकृत भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, तेव्हा त्या नावाच्या गैरवापराचा मुद्दाही अर्जात घ्यावा. तो मसुद्यात घेतला. तो परिच्छेद ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावून ऐकत होते.

मसुदा पाठवण्याची वेळ आली नाही. ९ जानेवारीला ३५४० रुपये माझ्या खात्यावर जमा झाले. सोबत कंपनीचे दोन ओळींचे पत्र होते. विक्रेत्याची माहिती म्हणून जो पत्ता मिळाला तो ॲपवरचाच, परराज्यातला होता. माल न्यायला कोणीही आले नाही आणि त्या सहा चादरी आमच्या माळ्यावर गेल्या. आहेराच्या चादरी यजमानांनी स्वतः आणल्या. त्या किती रुपयांना पडल्या हे जाऊबाईंना आजही माहीत नाही.

शेवटचा फोन भोगीच्या दिवशी आला. गावात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली होती, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होते आणि मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर टाकत होते. क्रमांक अनोळखी होता आणि पीठ लागलेल्या हाताने मी नकळत फोन उचलला. मागे यात्रेतल्या पिपाण्यांचा आवाज होता. “बाई, पैशे मिळाले न्हवं?” तो म्हणाला. मी काही बोलले नाही. “मग आता तारा काढा की. सणाचं हाय.” मी फोन ठेवला. भाकरी करपली होती, ती मीच खाल्ली.

फेब्रुवारीत लग्न पार पडले. त्यानंतर आठवड्याने यजमान माझ्या फोनवर चष्मा कपाळावर चढवून काहीतरी बघत बसले होते आणि त्यांनी मला हाक मारली. त्याच ॲपवर, निराळ्या नावाचा विक्रेता, ‘अस्सल सोलापुरी जेकॉर्ड चादर’, किंमत ५७५ रुपये, फक्त चार शिल्लक. छायाचित्र या वेळी नवे होते. खिडकीतून आलेला उजेड, सागवानी पलंगाचा कोरीव पाय, त्यावर पसरलेली लालभडक चादर. मी दोन बोटांनी चित्र मोठे केले. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे रफू होते.